उजव्या सीटवरचं पोतं

माझ्या वडिलांना मोटार चालवता येत नव्हती. पण दोन वर्षं एक मोटार त्यांच्या शब्दावर चालली, आणि ती अमेरिकेची होती. हे सांगितलं की लोकांना थाप वाटते, म्हणून मी सहसा सांगत नाही. शिवाय त्यातला काही भाग मला आजही नीट सांगता येईल, याची खात्री नाही.

परभणीहून पेडगावच्या पुढे, सडकेपासून दीड मैल आत, काळ्या रानात आमचं गाव. गावच्या मालकांनी ती गाडी हैदराबादहून आणली. तिथल्या एका जुन्या जागीरदार घराण्यातला मुलगा अमेरिकेत शिकून आला, येताना गाडी घेऊन आला, आणि पुढे त्याला ती पोसवेना. मॉडेल सदुसष्ट सालचं, नाव मस्टँग. पुढच्या जाळीत मधोमध पळणारा घोडा होता, त्यामुळे गावाने तिला घोडाच म्हटलं. ‘घोडा परभणीला गेला’, ‘घोडा आला’. दोनच दारं, मागे उतरत गेलेली पाठ, गडद हिरवा रंग. इंजिन सुरू झालं की मालकांच्या गोठ्यातले बैल दाव्याला हिसके द्यायचे. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, तिथपर्यंत तो आवाज आधी जमिनीतून यायचा आणि मग कानात.

तिचं स्टेअरिंग डाव्या बाजूला होतं. आपल्याकडे रस्त्याच्या डावीकडून चालायचं. त्यात चालवणाराही डावीकडे बसला, की पुढे ट्रक किंवा बैलगाड्यांची रांग आली तर तिच्यापलीकडचं त्याला काही दिसत नाही. बघायचं तर अर्धी गाडी उजवीकडे काढावी लागते, आणि तोवर समोरून येणारं अंगावर आलेलं असतं. म्हणून उजव्या सीटवर एक माणूस लागतो. त्याने बघायचं आणि सांगायचं.

मालकांनी आधी पुतण्याला बसवलं होतं. दुसऱ्याच खेपेला त्याने घाईत “चला काका” म्हटलं आणि समोरून एसटी आली. गाडी बाभळीच्या बुंध्यापासून हातभरावर थांबली. मग मालकांनी माझ्या वडिलांना बोलावलं. वडील त्यांच्याकडे सालगडी होते. जन्म बैलांमागे गेलेला, लांबचं दिसायचं, अंतराचा अदमास पक्का, आणि बोलणं कमी. गाडीत ते दोनच शब्द बोलायचे. रस्ता मोकळा असला की “हाना”, नसला की “दमा”. त्यांच्या ‘हाना’नंतर मालक मागेपुढे न बघता गाडी उजवीकडे घालायचे.

बसण्याआधी वडील सीटवर पोतं अंथरायचे. तसं कुणी सांगितलं होतं असं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी ते घरून धुऊन नेलं, आणि उतरताना घडी घालून परत आणलं. आमच्या वस्तीने छप्पननंतर दीक्षा घेतली होती, मेलेली जनावरं ओढणं सोडलं होतं, देव नदीत सोडले होते. पोतं मात्र राहिलं होतं. माझी माय त्यावरून टोचायची.

“गादीवर बसता आन वर पोतं घालता. त्यापरीस पायी जा की.”

“तुला न्हाई कळायचं,” वडील म्हणायचे. “माझ्या एका हाना-वर तो मानूस जीव टाकतो. गावात आनखी कोनाच्या शब्दावर टाकतो का, इचार.”

त्यांना त्याचा अभिमान होता. मलाही होता, हे इथे लिहून ठेवतो.

अठ्ठ्याहत्तर साली मी परभणीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून, खरं तर आमच्या वस्तीतून, कॉलेजात गेलेला मी पहिला. त्या उन्हाळ्यात मालकांनी मला बोलावणं धाडलं. गाडीबरोबर हैदराबादहून एक पुस्तक आणि काही अमेरिकन मासिकं आली होती, ती इंग्रजीत होती. मालक ओसरीवर खुर्चीत बसायचे, बाजूला पुतण्या आणि दोन-चार मंडळी. मी खालच्या पायरीवर. मला चहा वेगळ्या कपात यायचा, आणि तो कप मी विसळून कोनाड्यात पालथा घालायचो.

एका मासिकात त्या गाडीची सालवार हकिगत होती. मी अडखळत मराठीत सांगत गेलो. चौसष्ट साली पहिली निघाली, तेव्हा हलकी आणि स्वस्त होती. सदुसष्टला तिची छाती रुंद केली, कारण आत मोठं इंजिन बसवायचं होतं. आपली त्यातलीच. आठ सिलिंडर, सहा हजार चारशे सीसी, म्हणजे जीपच्या जवळपास तिप्पट. एकोणसत्तरला पुढे दोनाचे चार दिवे झाले आणि तोंड रागीट दिसायला लागलं. एकाहत्तरला सगळ्यांत लांब, सगळ्यांत रुंद. तिथपर्यंत मालक चित्रांवरून बोट फिरवत ऐकत होते.

“मंग?” ते म्हणाले.

“मग सरकारने धुराचा कायदा केला. विमा महाग झाला. तेल महागलं. चौऱ्याहत्तरला नाव तेच ठेवून लहान गाडी काढली. आठ सिलिंडरचं इंजिनच त्या वर्षी दिलं नाही.”

मालकांनी बोट चित्रावरून उचललं. मग म्हणाले, “म्हंजी घोडा खच्ची केला.”

“तसंच म्हणा काका,” पुतण्या म्हणाला. “आपलं रान न्हाई का सीलिंगमधी गेलं? तिथं बी सरकारच.”

“सरकार सगळीकडं एकच,” मालक म्हणाले. “ज्याच्यात दम हाय त्याचा दम काढायचा.”

मी तिथे गप्प बसायला हवं होतं. पण वाचलेलं राहून जाऊ नये म्हणून मी पुढचं वाक्यही सांगितलं, की पहिली गाडी निघाली ती श्रीमंतांसाठी नव्हती. कारकून, मास्तर, कॉलेजची पोरं यांना परवडावी म्हणून काढली होती.

पुतण्याने मालकांकडे पाहिलं. मग मालक हसले आणि म्हणाले, “म्हंजी प्रोफेसर, तिकडं असतास तर तू घेतली असतीस.”

सगळे हसले. मीही हसलो. पुतण्या हसताना माझ्या पायांकडे बघत होता. मी चप्पल पायरीखाली काढून ठेवली होती, तरी मी पुन्हा खाली पाहिलं.

त्याच महिन्यात ते मला येलदरीला घेऊन गेले. धरणावर मासळी आणायला जायचं होतं. मी मागे, माझ्याखालीही पोतं. जिंतूरच्या रस्त्याला पुढे सरकीने भरलेला ट्रक होता, त्याच्यामागे धूळ, धुळीत आम्ही. वडील खिडकीतून डोकं थोडं बाहेर काढून बसले होते. “दमा,” ते म्हणाले. बराच वेळ “दमा, दमा.” आणि मग, मला समोर धुळीशिवाय काहीही दिसत नसताना, “हाना.” मालकांनी विचारलं नाही, वळून पाहिलं नाही. माझी पाठ सीटला चिकटली. ट्रक मागे गेला आणि समोर रिकामा रस्ता होता. मालकांनी वडिलांच्या मांडीवर थाप मारली. अनवधानाने मारली असावी, कारण लगेच त्यांनी तो हात धोतराला पुसला.

पुस्तकात टाकी सतरा गॅलनची असल्याचं लिहिलं होतं. परतताना मालकांनी विचारलं, “लिटरात किती व्हईल?” मी साडेचारने गुणलं, शाळेत तसंच शिकलो होतो, आणि साडेशहात्तर सांगितलं. परभणीच्या पंपावर टाकी जवळपास कोरडी होती. मालकांनी ऐटीत शहात्तर लिटर भरायला सांगितलं. चौसष्टच्या आसपास पेट्रोल तोंडातून उसळलं आणि खाली सांडलं. झाकण धरून उभ्या असलेल्या वडिलांच्या पायांवर पडलं. अमेरिकेचा गॅलन आपल्या शाळेतल्या गॅलनपेक्षा लहान असतो, हे मला नंतर लायब्ररीत कळलं.

ती गोष्ट मालकांनी वर्षभर पुरवली असती. “सतरा गॅलन, पन कालेजचे,” असं ते येईल त्याला सांगायचे. वस्तीतसुद्धा मला ‘गॅलन’ म्हणायला लागले. त्या दिवशी आमच्या घरात पेट्रोलचा वास होता, मायने वडिलांचे पाय दोनदा राखेने घासले. मला तो वास तेव्हा आवडला होता.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, आणि आठवड्याच्या आत परभणीत दुकानं बंद, एसटी बंद. आमच्या होस्टेलवर दगड आले. कॉलेजला सुट्टी दिली. मी रेल्वेने पेडगावपर्यंत आलो आणि चिखलातून गावाकडे चालत निघालो. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत पाय टाकला की दुसरं पाऊल आधी पहिलं उपटून मग टाकावं लागतं. वाटेत ओळखीचे दोघे जण भेटले. नेहमी “काय गॅलन” म्हणायचे. त्या दिवशी नुसते बाजूला झाले.

गावात काही झालं नव्हतं. तेच मला बरं वाटेना. मायने ज्वारी दळायला नेली तर गिरणीवाला म्हणाला, “गिरन बंद हाय.” मागे पट्टा फिरत होता, पीठ पडत होतं. माय दाणे परत घेऊन आली आणि जात्यावर बसली. हॉटेलवाल्याने आमचे वेगळे कप काढूनच टाकले होते. आधी मला वाटलं, ही चांगली गोष्ट झाली. मग लक्षात आलं की चहाच द्यायचा नाहीये.

संध्याकाळी जेवताना वडील सहज म्हणाले, “आज लय दमलो. डबे उतरवले.”

“कसले डबे?”

“पेट्रोलचे. ट्रॅक्टरवर आनले परभनीहून. बारा हायेत, इस-इस लिटरचे. शेडात लावले.”

मी घास खाली ठेवला. “घोड्यासाठी?”

“मंग कशासाठी? ट्रॅक्टर तर डिझलवर हाय.”

मला हिशेब करायची गरज नव्हती, तरी केला. दोनशे चाळीस लिटर. टाकी चौसष्टची. चार टाक्यांना थोडं कमी. आणि गाडी मृगापासून शेडात विटांवर चढवलेली, वर ताडपत्री. गावापासून सडकेपर्यंतचा दीड मैल दसऱ्याशिवाय वाळत नाही. तोवर तिचं चाक गावाबाहेर जात नाही. दरवर्षीचं होतं हे.

मी म्हणालो, “बा, गाडी चिखलातून निघत नसताना चार टाक्या पेट्रोल कशाला लागतं?”

“उघडीप पडली की काढतील. मालकाची गाडी, मालकाचं त्याल.”

“दोन वर्षांत कधी साठवलं होतं का? हैदराबादला जाऊन आले तेव्हाही दोनच डबे नेले होते. बा, ते आपल्यासाठी आणलंय.”

माय जात्याचा खुंटा धरून थांबली. वडिलांनी ताटात हात धुतले. माझ्याकडे बघून ते हळू बोलले. त्यांना राग आला नव्हता, आणि मला तेच सहन झालं नाही.

“लेका, तुझा हिशेब एकडाव चुकलाच हुता ना? सगळं पेट्रोल माझ्या पायावर आलं.”

खरंच होतं. मला म्हणायचं होतं की ती चूक गॅलनची होती आणि हे माणसांचं आहे. पण तसं सांगण्याइतका मी स्वतःवर विश्वास ठेवत नव्हतो. कॉलेजात जाऊन मला एवढंच कळलं होतं की आपण चुकू शकतो.

“त्यो मानूस माझ्या शब्दावर ट्रकासमोर गाडी घालतो,” वडील म्हणाले. “त्यो मला जाळंल?”

दुसऱ्या दिवशीपासून पावसाने उघडीप दिली. एरवी श्रावणाच्या तोंडावर असं ऊन पडलं की माणसं कोळप्याला धावतात. त्या वेळी मला ते ऊन नकोसं वाटत होतं. रस्ता रोज थोडा थोडा वाळत होता. पहिल्या दिवशी वरची साय धरली, दुसऱ्या दिवशी भेगा, तिसऱ्या दिवशी सायकल गेली. मी वस्तीच्या कडेला उभा राहून ते बघत राहायचो. ज्या चिखलाला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या, तो वाळू नये असं वाटत होतं. आजूबाजूच्या गावांची नावं घेऊन लोक कुजबुजत होते, कुठे काय झालं ते. खरं किती, खोटं किती, सांगता येत नव्हतं. वस्तीतली अकरा घरं वडिलांकडे बघत होती. ते मालकांच्या शेजारी बसणारे. काही असलं तर त्यांना कळेल, असं सगळ्यांना वाटत होतं. ते म्हणत, “कायी न्हाई हुत. मी हाय ना.” त्यांच्या त्या शब्दावर अकरा घरं थांबली होती. त्यांच्या ‘दमा’वर म्हणा.

चौथ्या दिवशी सकाळी इंजिनाचा आवाज आला. आधी जमिनीतून, मग कानात. वडिलांचा चेहरा एकदम उजळला. माझ्याकडे वळून म्हणाले, “बघ! म्हनलं न्हवतं? गाडी काढली. आता लागंल का न्हाई पेट्रोल?” त्यांनी धुतलेला सदरा घातला, पोतं झटकून काखेत घेतलं आणि लगबगीने वर गेले.

मी मागे गेलो नाही. मला खरोखर वाटलं की मी चुकलो होतो, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी मायला पाणी आणून दिलं.

पाऊण तासाने वडील परत आले. चालत, हळू. पोतं काखेत होतं, घडी तशीच. दारात ते उभे राहिले.

“काय झालं?” मायने विचारलं.

“गाडी गेली.”

“मंग तुमी?”

“उजव्या बाजूला पुतन्या बसलाय.”

माय त्यांच्या काखेतल्या पोत्याकडे बघत राहिली. वडील म्हणाले, “माझ्याकडं बगितलं मालकानी. मी पोतं दावलं. त्यांनी काच वर केली.”

ज्याच्या शब्दावर एसटीखाली जाता जाता वाचले होते, त्याला पुन्हा बसवलं होतं. वडिलांच्या डोळ्यांपेक्षा पुतण्याचे डोळे चांगले म्हणून नव्हे. माझ्या डब्यांच्या हिशेबाने जे पटलं नाही, ते वडिलांना एका सीटने पटलं.

त्यांनी पोत्याची घडी मोडली, तोंड उघडलं आणि माझी पुस्तकं आत टाकायला लागले. मी म्हणालो, भांडी आधी घ्या. त्यांनी ऐकलं नाही. पुस्तकं, मग मायची दोन लुगडी, मग भांडी. पोतं भरल्यावर ते घरोघर गेले. प्रत्येक दारात तेवढंच सांगितलं, “निघा. गाडीत दुसरा बसलाय.” कुणी कारण विचारलं नाही. म्हाताऱ्यांना सुद्धा समजलं.

आमच्या तीन शेळ्या होत्या. रेल्वेत नेता येणार नाहीत, ओरडतील, माग लागेल, असं ठरलं. मी म्हणालो, सोडून द्या. वडिलांनी त्या मेखेला बांधल्या आणि गाठ ओढून पाहिली.

“मोकळ्या ठेवल्या तर मालकाच्या ज्वारीत घुसतील. उगं तक्रार नगं. उद्या येऊन नेतो.”

भर दुपारी आम्ही शेतांच्या बांधावरून पेडगाव स्टेशनकडे निघालो. वाळलेल्या वाटेने नाही, ओल्या रानातून. वडील सगळ्यांच्या पुढे होते, डोक्यावर पोतं, आणि दर बांधावर थांबून लांब बघत होते.

परभणीला स्टेशनजवळ नात्यातल्या एकाकडे आम्ही राहिलो. तिसऱ्या दिवशी बातमी आली आणि पाचव्या दिवशी पोलिसांबरोबर आम्ही परत गेलो. अकरांपैकी नऊ घरं जळाली होती. माणूस एकही गेला नाही, कारण तिथे माणूस नव्हता. पाऊस पुन्हा लागला होता, तरी राखेखालून वास येत होता. तो रॉकेलचा नव्हता. मला तो वास आवडायचा, हे मला तिथे आठवलं. आमच्या मेखेजवळ वडील एकटेच गेले. मला म्हणाले, “तू नगं येऊ.”

मालकांनी केलं असं मी लिहू शकत नाही. मी पाहिलेलं नाही. शेडातले डबे मी मोजले नव्हते, वडिलांनी मोजले होते, आणि पोलिसांना त्यांनी ते सांगितलं नाही. “उतरवले म्याच,” एवढंच मला म्हणाले. आम्ही त्या गावात पुन्हा राहायला गेलो नाही. वडिलांनी परभणीत मोंढ्यात हमाली धरली. गाडी पुढच्या काही वर्षांत शेडातच बसली. एकदा कुणी सांगितलं, जाळीतला घोडा पोरांनी काढून नेलाय आणि आत कोंबड्या अंडी घालतात.

वडील एका गोष्टीवर अडून होते. त्यांचं म्हणणं, मालकांनी पुतण्याला मुद्दाम बसवलं. आपल्याला कळावं म्हणून बसवलं. तोंडाने सांगता येत नव्हतं, म्हणून काच वर केली. “न्हाईतर मला बसवून, फिरवून आनलं असतं, आन आमी आपले घरी राह्यलो असतो,” ते म्हणायचे. मला तसं वाटत नाही. पण मी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही. मला नक्की माहीत नाही, आणि त्या दोन वर्षांतलं काहीतरी त्यांना हवं होतं.

चौऱ्याण्णव साली विद्यापीठाचं नाव बदललं. मी तेव्हा शाळेत शिकवत होतो. परभणीतल्या आमच्या वस्तीत पेढे वाटले, पोरांनी फटाके लावले. वडील खाटेवर बसून होते, दिसायचं कमी झालं होतं. मी त्यांच्या हातात पेढा दिला. त्यांनी तो हातातच ठेवला.

“बारा डबे म्हंजी तुझ्या हिशेबानं किती टाक्या हुत्या रे?” त्यांनी विचारलं.

“पावणेचार, बा.”

“हां.” मग ते म्हणाले, “तू म्हनलास तवाच निघालो असतो, तर शेळ्या नेता आल्या असत्या. चार दिस हुते. पायी नेल्या असत्या.”

त्यांनी पेढा या हातातून त्या हातात घेतला.

“निदान सोडायला पायजे हुत्या,” ते म्हणाले. “खाल्ली असती ज्वारी तर खाल्ली असती.”